पेन्सिलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पार्सल पोचलं. फोनवर नुसतं ‘थँक्यू’ म्हणून माझं मन भरेना, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

मी न्यू जर्सीत, मला हवा असलेला जुना फोटो तुमच्या ओहायोतल्या एका दुकानात. ओळख ना पाळख, तरी तुम्ही गाडी काढलीत, खिशात चुंबक टाकून! टिनटाइप म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा जुना फोटो, त्यामुळे तो चुंबकाला ओढतो. काचेवरचा अँब्रोटाइप ढिम्म. हे मी एकदाच सांगितलं होतं.

याआधीचे अनुभव काय सांगू? एकाने अँब्रोटाइप साध्या पाकिटात घालून धाडला. हाती काचा आल्या, वर उत्तर आलं, ‘जुन्या वस्तूंचं असं व्हायचंच.’ दुसऱ्याने, माणसाच्या पायांमागे लोखंडी स्टँड दिसतो म्हणून, ‘हा उभा केलेला मुडदा’ असं सांगून तिप्पट भाव लावला. अहो, तो स्टँड जिवंत माणसाचं डोकं काही सेकंद हलू नये म्हणून असायचा. मुडदा कशाला हलतोय?

पण मला राहून राहून आठवतं ते वेगळंच. सुटे फोटो जास्त पैसे देतात, म्हणून दुकानदार अल्बम मोडायला बसला होता. नावं मात्र फोटोंवर नव्हती, पानांवर होती. तुम्ही त्याला थांबवलंत आणि काउंटरशी उभ्या उभ्या एकेक नाव पाकिटावर उतरवलंत. पेनने नाही, पेन्सिलने. तेही फोटो आत सरकवण्याआधी, दाब पडू नये म्हणून. एक आडनाव लागेना, तिथे अंदाज न ठोकता प्रश्नचिन्ह टाकलंत. आणि जे फोटो मी घेणारच नव्हतो, त्यांचीही नावं लिहिलीत! त्या माणसांचं तुम्ही काय देणं लागत होतात?

दुकानदारानेही मुकाट्याने पाकिटं पुढे केली म्हणे. समोरचा नीट वागला की माणसं सहसा आडवी येत नाहीत, असं मला अजूनही वाटतं.

माझ्या फोटोतला सैनिक छान आहे. टिनटाइपात चित्र उलटं उमटतं, म्हणून कोटाची बटणं भलत्याच बाजूला. मागे करतिकीट आहे, म्हणजे 1864 ते 1866 मधला. अमेरिकेत फोटोंवर तो कर तेवढीच दोन वर्षं होता. आणि आता त्याला नावही आहे.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेत नाही म्हणता. मग जर्सीला याल तेव्हा काकूंना घेऊन जेवायलाच या. हॉटेलबिटेल काही नाही, घरीच.

तुमचा,
जर्सीचा फोटोवेडा