‘काका, खाली सूज आहे, गोळी द्या’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धायरी फाट्याजवळ गेली २६ वर्षं माझं मेडिकलचं दुकान आहे. विशी-पंचविशीतला एखादा मुलगा येतो, बायकामाणसं उभी असली की टूथपेस्टच्या रॅकपाशी रेंगाळतो आणि दुकान रिकामं झालं की खालच्या आवाजात म्हणतो, ‘काका, खाली सूज आहे, गोळी द्या.’ तो पुढे काही सांगत नाही, आम्ही विचारत नाही. अँटिबायोटिकची पट्टी कात्रीने कापून देतो आणि विषय संपतो.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या सख्ख्या भाच्यालाच अशी पट्टी दोनदा दिली. तो तेव्हा २४ वर्षांचा, चाकणच्या कंपनीत कामाला, आमच्याकडेच राहायचा. पहिल्यांदा म्हणाला, ‘मामा, क्रिकेट खेळताना बॉल लागलाय.’ पाच दिवसांचा कोर्स दिला. महिन्याने पुन्हा आला, तेव्हा सात दिवसांचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे देता येत नाही, हे माहीत असून दिलं. त्याला दुखत नव्हतं, ताप नव्हता. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पुढे त्याची पाठ धरली. मामी बाम चोळताना खोदून खोदून विचारत राहिली, तेव्हा त्याने तोंड उघडलं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दोन मिनिटं तपासून त्याच दिवशी सोनोग्राफी करून घेतली. वृषणात गाठ होती, पुढे ती कॅन्सरची निघाली. रक्ताच्या रिपोर्टवर बीटा-एचसीजी हे नाव वाचून मी चक्रावलो. गरोदरपणाची खात्री करायचं जे किट मी रोज विकतो, ते हेच संप्रेरक शोधतं. ते पोराच्या रक्तात कसं? कॅन्सरच्या डॉक्टरांनी समजावलं. आईच्या पोटात असतानाच बाळात पुढच्या शुक्रजंतूंसाठीच्या मूळ बीजपेशी तयार होतात. त्यातल्या काही वाढायच्या राहतात, वर्षानुवर्षं तशाच पडून असतात आणि वयात आल्यावर त्यांची गाठ होऊ शकते. मूळच बीजपेशीचं असल्याने अशी गाठ कधी कधी गर्भाशी संबंधित द्रव्यंही बनवते: एचसीजी आणि एएफपी. पण प्रत्येक गाठ ती बनवतेच असं नाही, त्यामुळे रक्त नॉर्मल आलं म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

तेव्हाच माझ्या बहिणीने रडत सांगितलं, लहानपणी याचं एक वृषण खाली उतरलं नव्हतं, चौथीत असताना ऑपरेशन झालं होतं. अशा मुलांना या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ऑपरेशन खरं तर पहिल्या वर्ष-दीड वर्षात व्हायला हवं, आणि ते झालं तरी धोका पुरता जात नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आयांनो, तुमच्या मुलाचं असं काही झालं असेल तर तो मोठा झाल्यावर त्याला सांगा. लाजू नका.

ओळखीतल्या एकाने सल्ला दिला, ‘आधी सुई घालून बघू, पाणी असेल तर काढू.’ ते ऐकलं नाही हे नशीब. वृषणाचा लसिकाप्रवाह (लसिका या पातळ द्रवाची वाट, जिच्यातून हा रोग पसरतो) वर पोटात, मूत्रपिंडांच्या आसपासच्या लसिकागाठींकडे जातो. बाहेरच्या पिशवीच्या कातडीचा जातो जांघेकडे. पिशवीत सुई किंवा सुरी लावली तर रोगाला नवी वाट मिळू शकते. म्हणून जांघेत छेद घेऊन अख्खं वृषण वर ओढून काढतात आणि मग पॅथॉलॉजीत तपासतात. भाच्याचं तसंच केलं. सीटी स्कॅनमध्ये पोटातल्या त्याच लसिकागाठी वाढलेल्या दिसल्या. पाठदुखी तिथूनच होती.

केमोच्या आधी शुक्राणू साठवून ठेवायचे होते. आई आणि मुलगा दोघंही लॅबच्या दारात मान खाली घालून उभे राहिले, फॉर्म मी भरला. त्यानंतर ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिनच्या २१-२१ दिवसांच्या तीन फेऱ्या झाल्या. केस गेले, कानात अजून रातकिड्यासारखं वाजतं म्हणतो. पण एचसीजी उतरत उतरत नॉर्मलला आलं. आज तो कामावर आहे, तपासण्या ठरल्या वेळी चालू आहेत.

सिसप्लॅटिनची ताकद लोकांना माहीत असायला हवी. अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये ते या कॅन्सरच्या केमोत आणलं आणि पसरलेल्या रोगातूनही बहुसंख्य तरुण वाचू लागले. पुणे वॉरियर्सचा कर्णधार राहिलेल्या युवराजसिंगची गाठ याच जातीची, फक्त छातीत दोन फुप्फुसांच्या मध्ये होती. २०१२ मध्ये त्याच्यावरही याच डॉक्टरांकडे उपचार झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारताकडून पुन्हा खेळला. पसरला तरी बरा होणारा हा कॅन्सर आहे, आणि आपली पोरं लाजेपायी महिने घालवतात! आपल्याकडे तो फार कमी आढळतो, पण होतो तो ऐन तरुणांना.

मुलांनो, महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर प्रत्येक वृषण अंगठा आणि दोन बोटांत हलकेच फिरवून बघा. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत लागतं. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं असतं, त्याला घाबरू नका. पण अंड्यात चिंचोका रुतावा तसं काही टणक लागलं किंवा एक बाजू जड वाटली, तर थेट डॉक्टरकडे जा, दुखत नसलं तरी.

पुण्यातल्या माझ्या दुकानदार बांधवांना विनंती आहे, कात्री उचलण्याआधी ‘किती दिवस झाले, दुखतंय का?’ एवढं विचारा. मी आता गोळी देत नाही. मुलाला आत स्टुलावर बसवतो आणि आमच्या डॉक्टरांना फोन लावतो. गेल्या वर्षभरात असे चौघे पाठवले. तिघांना साधं जंतुसंसर्गाचं निघालं, एकाला हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती साठलेलं पाणी. चौघांचीही सोनोग्राफी झाली.

हे पत्र भाच्याला वाचून दाखवलं आहे. तो म्हणाला, ‘मामा, सगळं छापू दे, फक्त नाव नको.’ म्हणून माझंही नाव छापू नये.

आपला,
एक औषधविक्रेता, धायरी, पुणे