सर, हे आभार सगळ्यांसमोर

सर, साष्टांग नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, कोर्टवर हो" म्हणून विषय संपवता, म्हणून लिहून मानतेय. यंदा क्लबच्या स्क्वॅश स्पर्धेत मी उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले तेव्हा लोकांनी माझ्या बॅकहँडचं कौतुक केलं. बॅकहँड सुधारलाय, पण खरा फरक दोन रॅलींच्या मधल्या काही सेकंदांत पडलाय, आणि तो तुमच्यामुळे.

काचेबाहेरून बघणाऱ्याला स्क्वॅश म्हणजे नुसती पळापळ वाटते. आत पावणेदहा मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद जागेत समोरचीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. गेम ११ पॉइंटांचा, प्रत्येक रॅलीला पॉइंट. मन जरा भरकटलं की तीन-चार पॉइंट बघता बघता जातात. "लक्ष दे" असं तुम्ही कधीच नुसतं म्हणाला नाहीत. लक्ष कुठे द्यायचं ते सांगितलंत. चेंडू मागच्या कोपऱ्यात गेला की 'टी'वरून, म्हणजे कोर्टाच्या मधल्या रेषा मिळतात तिथून, मान वळवून समोरचीची रॅकेट बघायची. डोळ्यांना काम असलं की डोक्यात स्कोअर घोळत नाही, हे मला तेव्हा कळलं. रॅली संपली की बाजूच्या भिंतीला तळहात पुसायचा, लांब श्वास सोडायचा आणि सर्व्हिस बॉक्सपर्यंत जाताना फक्त पुढचा पहिला फटका ठरवायचा.

आणि तो एकटीचा सराव! डबल डॉटचा (दोन ठिपक्यांचा, सगळ्यात संथ) चेंडू गार असताना उसळत नाही, तो तापेपर्यंत डाव्या भिंतीलगत ड्राइव्ह, म्हणजे सरळ खोल फटके, मारत राहायचं. मागच्या कोपऱ्यात तुम्ही कागद ठेवायचात. पण चेंडू कागदावर पडला का, हे कधी विचारलं नाहीत. "फटका मारताना पुढचा पाय कुठे होता?" एवढंच विचारायचात. उत्तर द्यायचं तर प्रत्येक फटक्याला मन हजर ठेवणं भागच होतं.

हांगझोच्या आशियाई स्पर्धेतली २०२३ची सांघिक फायनल तुम्ही मोबाइलवर दाखवलीत, तीही आठवते. पाकिस्तानशी १-१ बरोबरी, शेवटच्या सामन्यात अभय सिंग पाचव्या गेममध्ये ८-१० मागे. दोन मॅच पॉइंट वाचवून त्याने तो गेम १२-१० असा घेतला आणि भारताला सुवर्ण मिळालं. तुम्ही म्हणालात, "शॉट नंतर बघ. पॉइंटच्या मधे तो काय करतो ते आधी बघ."

यंदाच्या उपांत्यपूर्व सामन्यात चौथ्या गेमला ७-७ असताना मी लेट मागितला, म्हणजे वाटेत अडथळा आला म्हणून रॅली पुन्हा खेळू द्या म्हटलं. रेफरीने 'नो लेट' दिला, म्हणजे पॉइंट तिचा. भिंतीला हात पुसला, श्वास सोडला, आणि पुढच्या रॅलीत खोल ड्राइव्ह मारत राहिले, ती मागे ढकलली जाईपर्यंत. गेम माझा झाला, सामनाही. त्या क्षणी राग आला नाही असं नाही, पण पुढच्या सर्व्हिसपर्यंत तो टिकला नाही.

२०२८ला लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॅश पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये खेळलं जाणार, त्यामुळे सकाळच्या बॅचला पोरींची गर्दी वाढलीय. तुम्ही एकटे किती जणींकडे बघणार? शनिवारपासून सहा वाजता मी मदतीला येतेय. नाही म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी