नकाराचा खर्च नाकारणाऱ्याच्या खात्यावर टाका

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, अमेरिका
वॉशिंग्टन डी. सी.

माननीय महोदय,

न्यू जर्सीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी बिलिंगचं काम करते. ऑपरेशन डॉक्टर करतात. त्याची परवानगी विमा कंपनीकडून आधी काढायची आणि पैसे नंतर वसूल करायचे, हे माझं काम. इथे येण्याआधी पाच वर्षं पुण्यात याच कामाची रात्रपाळी केली. संध्याकाळी साडेसातला कॅब दारात यायची आणि पहाटेपर्यंत ओहायो, टेक्सासमधल्या डॉक्टरांच्या वतीने आम्ही विमा कंपन्यांना फोन लावत बसायचो. क्लेम का नाकारला, कुठला कागद कमी पडला, परत कुठे पाठवू? कधी पलीकडून फोन घेणारी मुलगीही भारतातलीच निघायची. बोलण्यावरून दोघींनाही ते कळायचं. अमेरिकेतल्या कुणा आजोबांच्या गुडघ्यावरून आम्ही दोघी रात्री दोन वाजता इंग्रजीत हुज्जत घालायचो, आणि दोघींचा पगार शेवटी त्या आजोबांच्याच हप्त्यातून निघायचा.

इंग्रजीत मी दिवसभर अपिलं लिहिते. हे पत्र मात्र मराठीत लिहिते आहे, कारण त्या खुर्च्यांवर आज रात्रीही पुण्यातली, नवी मुंबईतली मुलं बसलेली असतील, आणि इथे एडिसनच्या आसपास पासष्टी ओलांडलेले आपले कितीतरी काका-काकू मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावर अवलंबून आहेत. त्यांनी हे आधी वाचावं. तुमच्याकडे भाषांतर पोचवायची जबाबदारी माझी.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ बर्फावरून घसरले आणि उजव्या खांद्यावर आपटले. वय अडुसष्ट, विमा मेडिकेअर ॲडव्हांटेजचा, म्हणजे सरकारच्या पैशांवर खासगी कंपनी चालवते ते मेडिकेअर. दवाखान्यात आले तेव्हा कोटाच्या बाहीत हात घालता येत नव्हता; बायको आधी दुखरा हात आत सरकवायची, मग दुसरा. डॉक्टरांनी तपासलं, स्नायूबंध तुटल्याची शंका लिहिली आणि एमआरआय सांगितला. मी त्याच दिवशी मागणी पाठवली. उत्तर आलं: आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करा, वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. पडून झालेल्या अशा दुखापतीत वाट पाहायची नसते, हे डॉक्टरांच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी १४ पानांचं अपील फॅक्स केलं. (हो, २१ व्या शतकातही आम्ही फॅक्सच करतो.) फोन केला तर म्हणाले, नववं पान मिळालं नाही. परत पाठवलं. मग डॉक्टरांनी रुग्ण तपासायचं सोडून कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायचं ठरलं. ते डॉक्टर हाडांचे नव्हतेच. मंजुरी ३८ व्या दिवशी आली. तोवर तुटलेला स्नायूबंध आत ओढला गेला होता. ऑपरेशन झालं, पण जेवढं जोडता आलं असतं तेवढं जोडता आलं नाही. बस त्यांनी सोडली.

माझ्या टेबलावर एक लांबट वही असते, पुण्यापासूनची सवय. फोन कधी लावला, किती वेळ होल्डवर ठेवलं, कोण बोललं, रेफरन्स नंबर काय, सगळं त्यात लिहिलेलं असतं. या एका खांद्याने वहीची अडीच पानं खाल्ली.

एकाच्या वाट्याला आलेलं दुर्दैव म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण तुमच्याच खात्याकडे कंपन्यांनी दिलेले आकडे तसं म्हणू देत नाहीत. २०२३ साली मेडिकेअर ॲडव्हांटेजमध्ये पूर्वमंजुरीच्या जवळजवळ ५ कोटी मागण्या आल्या. त्यांतल्या ३२ लाख पूर्ण किंवा काही अंशी नाकारल्या गेल्या. अपील झालं ते जेमतेम ११.७ टक्के नकारांवर, आणि अशा अपिलांपैकी ८१.७ टक्क्यांत निर्णय पूर्ण किंवा अंशतः फिरला. तुमच्या खात्याच्या महानिरीक्षकांनीही एप्रिल २०२२ च्या अहवालात लिहिलं आहे की तपासलेल्या पूर्वमंजुरीच्या नकारांपैकी १३ टक्के मागण्या मेडिकेअरच्या नियमांत बसत होत्या.

हिशोब कसा चालतो ते बघा. सरकार कंपनीला दर माणसामागे दरमहा ठरावीक रक्कम देतं. उपचार झाला नाही, तर ती रक्कम कंपनीकडेच राहते. नाही म्हणायला तिला एका पत्राचा खर्च येतो. शंभरातली अठ्ठ्याऐंशी माणसं ते पत्र वाचून गप्प बसतात, कुणी घाबरून, कुणी थकून, कुणाला अपील करता येतं हेच माहीत नसतं म्हणून. उरलेली बारा भांडतात. त्यांतल्या नऊ-दहा जणांना कंपनी जे द्यायचं होतं तेच देते, उशिरा, आणि त्या उशिराची किंमत तिच्याकडून कुणीच मागत नाही. ती भरतो पेशंट, आणि माझ्यासारखीला पगार देऊन डॉक्टर.

माझं मुख्य मागणं एवढंच आहे. अपिलात नकार फिरला, तर त्या नकाराचा खर्च कंपनीने भरावा. दवाखान्याचा गेलेला वेळ भरून द्यावा, थकलेल्या रकमेवर व्याज द्यावं आणि वर बोचेल एवढा दंड भरावा. हप्त्याच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के उपचारांवर खर्च झाले पाहिजेत, असा नियम या कंपन्यांना आहे. हा दंड त्या ८५ टक्क्यांत उपचार म्हणून दाखवता येऊ नये, नाहीतर तो पुन्हा आमच्याच खिशातून जाईल.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२४ च्या नियमाने तातडीच्या मागणीला ७२ तास आणि साध्या मागणीला ७ दिवस अशी मुदत घातली, २०२६ पासून, आणि नकाराचं नेमकं कारण देणं बंधनकारक केलं. हे आमच्या कामाचं आहे. पण त्या नियमात औषधं धरलेली नाहीत. शिवाय मुदतीत दिलेला चुकीचा नकार हा चुकीचाच असतो.

आणि मग 'वायझर' आलं. जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सीसह सहा राज्यांत मूळच्या सरकारी मेडिकेअरमध्येही काही उपचारांना पूर्वमंजुरी लावायची, त्याचं काम तंत्रज्ञान कंपन्यांना द्यायचं आणि वाचलेल्या खर्चातला वाटा त्यांना मोबदला म्हणून द्यायचा, अशी ही योजना. मागचं कारण मला कळतं. जखमेवर लावायच्या कृत्रिम त्वचेवरचा मेडिकेअरचा खर्च २०१९ मध्ये सुमारे २५ कोटी डॉलर होता, तो २०२४ मध्ये १,००० कोटींच्या वर गेला. त्यात लूट आहे आणि ती थांबलीच पाहिजे. पण लूट शोधणाऱ्याला ठरलेला मेहनताना द्या, वाट्यावर ठेवू नका. नकाराचा निर्णय पात्र माणूसच घेईल, यंत्र नाही, असं तुमचं खातं सांगतं. त्या माणसाची कंपनी नकारावरच कमावणार असेल, तर माझ्या पेशंटला त्यात कसला दिलासा?

दर वर्षी १५ ऑक्टोबरला प्लॅन बदलायची मुदत सुरू होते. दिवाळीच्या सुमारास मंडळातली ज्येष्ठ माणसं पाकिटं घेऊन माझ्याकडे येतात. जाहिरातीत शून्य हप्ता, फुकट चष्मा, दातांचं काम. मी त्यांना सांगत आले, परवडत असेल तर मूळच्या मेडिकेअरमध्येच राहा, तिथे परवानगीच्या फेऱ्या जवळजवळ नाहीत. गेल्या वर्षी एका काकूंनी विचारलं, "आता तिथेही सुरू होणार म्हणतात, मग आम्ही जायचं कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देता येईल, म्हणून हा प्रश्न तुमच्याकडे पाठवते आहे.

आणखी एक. ज्या डॉक्टरांच्या बहुतेक सगळ्या मागण्या मंजूर होतात त्यांना दर वेळी रांगेत उभं करू नका. टेक्सासने २०२१ मध्ये ९० टक्के मंजुरी असलेल्या डॉक्टरांना सूट देणारा कायदा केला आहे. तो मेडिकेअर ॲडव्हांटेजलाही लावता येईल. आणि खांद्याला नाही म्हणायचं असेल, तर खांदे बघणाऱ्या डॉक्टरनेच म्हणावं.

तुमच्या खात्यातले नियम लिहिणारे अधिकारी एक दिवस आमच्या दवाखान्यात येऊन बसले, तर मला आनंद होईल. मंगळवार बरा, त्या दिवशी सगळ्यात जास्त फोन असतात. फोन स्पीकरवर ठेवू. पेशंटची नावं झाकून वहीही त्यांच्यासमोर ठेवेन. पहिला फोन मी सकाळी आठला लावते.

आपली,
न्यू जर्सीतल्या एका दवाखान्यातली बिलिंग कर्मचारी