‘दोघे मिळून बघा’ म्हणजे कोणी बघायचे?

संपादक महोदय,

काम रखडले की ‘समन्वयाचा अभाव’ असा शेरा मारून चौकशी मिटवली जाते. प्रत्यक्षात त्या कामाचा जाब कोणाला विचारायचा, हेच ठरलेले नसते. ‘तुम्ही दोघे मिळून बघा’ असे सांगितले, की प्रत्येकाला वाटते दुसरा बघतोय.

यावर जुना उपाय आहे, ‘रेसी’ (RACI, चार भूमिकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) तक्ता. आडव्या ओळींत कामे, उभ्या रकान्यांत पदे. चौकटीत चारपैकी एक खूण: काम करणारा, उत्तरदायी (ज्याला जाब विचारायचा), सल्ला देणारा, ज्याला फक्त कळवायचे तो. करणारे कितीही असोत, उत्तरदायी ओळीत एकच. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ मधली शस्त्रक्रियेची तपासणी यादीही हेच सांगते: शस्त्रक्रियागृहात माणसे अनेक, पण यादी तपासून घेणारी व्यक्ती एकच.

तक्ता फसतो तो भरताना. ओळीत नुसते ‘अहवाल’ लिहिले तर आकडे कोणी ताळायचे यावरून वाद होतोच. ‘आकडे ताळून ५ तारखेपर्यंत अहवाल पाठवणे’ असे लिहावे. खर्च मंजूर करण्याचा किंवा काम थांबवण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला उत्तरदायी ठरवणे म्हणजे बळीचा बकरा आधीच नेमून ठेवणे. (हे सर्रास चालते.) सल्लागार दोन-तीनच असावेत, आणि दोन दिवसांत उत्तर आले नाही तर काम पुढे जाईल, हेही लिहून ठेवावे. तक्ता उभाही वाचावा: एकाच रकान्यात ‘करणारा’ची खूण दहा ठिकाणी दिसली, तर उशीर कुठे होणार हे आजच कळते.

पुष्कळ कामे हरवतात ती हस्तांतरात. विमानाचे नियंत्रण एका वैमानिकाकडून दुसऱ्याकडे जाताना देणारा ‘नियंत्रण तुझ्याकडे’ म्हणतो, घेणारा ‘नियंत्रण माझ्याकडे’ म्हणतो आणि देणारा पुन्हा दुजोरा देतो. कार्यालयात मात्र ईमेल पाठवला की काम सोपवले असे धरतात. घेणाऱ्याचे ‘घेतले’ येईपर्यंत जबाबदारी देणाऱ्याचीच, आणि रजेच्या काळातला बदली माणूसही तक्त्यातच हवा.

वरिष्ठांनी हा तक्ता एकट्याने भरून वाटू नये. प्रत्येकाने स्वतंत्रपणे भरावा आणि मग सगळे शेजारी शेजारी ठेवावेत. ज्या ओळीत दोघांनी स्वतःला उत्तरदायी मानले किंवा कोणीच मानले नाही, तेवढ्याच ओळींसाठी बैठक घ्यावी.

– एक वाचक