अमुनेकेंबद्दल पण लिहा की

मा. संपादक, सा.न.

क्रीडा पानावर कोचबद्दल काही आलं की तेच चार युरोपियन चेहरे, म्हणून हे लिहितोय. नायजेरियाचे इमॅन्युएल अमुनेके, एकेकाळचे फुटबॉलमधले डाव्या बाजूचे विंगर (कडेने आक्रमण करणारे) आणि पुढे कोच, यांच्यावर कधीतरी अर्धं पान द्या ना. १९९४ ची आफ्रिका कप फायनल, ट्युनिसमध्ये, झांबियाने सुरुवातीलाच गोल केला आणि दोनच मिनिटांत यांनी बरोबरी केली, मग हाफटाइमनंतर लगेच दुसरा, २-१. त्याच वर्षी आफ्रिकेचे सर्वोत्तम खेळाडू. आणि १९९६ ची ऑलिंपिक फायनल तर अंगावर काटा आणते! अर्जेंटिनाशी २-२, वेळ संपत आलेली, फ्री किक आली, नायजेरियाचे खेळाडू ऑफसाइड ठरावेत म्हणून अर्जेंटिनाचे डिफेंडर सगळे एकदम पुढे पळाले आणि हा माणूस मागे मोकळा, चेंडू थेट जाळ्यात, आफ्रिकेला फुटबॉलचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

पुढे बार्सिलोना क्लबात गेले पण गुडघ्याने घात केला, १९९८ चा वर्ल्डकपही हुकला. याचं मला अजून वाईट वाटतं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. २०१५ मध्ये चिलीत नायजेरियाच्या १७ वर्षांखालच्या पोरांना त्यांनी वर्ल्डकप जिंकून दिला, त्यातच पुढे नावाजलेला स्ट्रायकर व्हिक्टर ओसिमेन होता, १० गोल! मग कोच म्हणून टांझानियाला १९८० नंतर पहिल्यांदा आफ्रिका कपमध्ये नेलं, २०१९ ला. तिथे तिन्ही मॅच हरले आणि लगेच काढून टाकलं, ३९ वर्षांनी दार उघडणाऱ्या माणसाला, हे मला अजिबात पटलेलं नाही.

एक फुटबॉलप्रेमी वाचक