राऊमधला प्लॉट सध्या विकू नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

पुण्याला नीट पोचले. दादाच्या मणक्याच्या इंजेक्शनांसाठी प्लॉट विकायचा विषय फोनवर काढला की बाबा चिडतात, आई रडते आणि दादा आतल्या खोलीतून सगळं ऐकत पडतो. म्हणून पत्र. त्यालाही वाचायला द्या.

बाबा, मी निघायच्या आदल्या रात्री तुम्ही ते गुळगुळीत माहितीपत्रक दाखवलंत. स्टेम सेलची (मूळ पेशींची) चार इंजेक्शनं, नऊ लाख, आगाऊ भरले तर सूट. मणक्याच्या उपचारावर साड्यांच्या सेलसारखी सूट मी पहिल्यांदाच पाहिली! आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना वाचल्या. रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्येच) वापरता येतात. आणि चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. मग हे नऊ लाख कशाचे? ऑपरेशनने मणका सरळ बसला, मज्जारज्जूची इजा त्याने भरून येत नाही, हे सर्जननी तेव्हाच सांगितलं होतं. आपल्याला ते ऐकायचं नव्हतं.

तुमची हिशेबाची वही मी चोरून पाहिली, रागावू नका. ऑपरेशनचे 3,80,000 तुम्ही लाल पेन्सिलीने लिहिलेत. त्याखालची बारीक अक्षरं बघा. लघवीच्या नळ्या दिवसाला पाच, एक चाळीसची, म्हणजे महिन्याला 6,000. फिजिओचे महिन्यातल्या वीस दिवसांचे 10,000. दोन वर्षांत एवढ्यानेच दुसरं ऑपरेशन होतं, आणि यात औषधं, हातमोजे, डायपर धरलेलेच नाहीत. दादाचा विमा निम्म्या बिलावरच थांबला होता, घरच्या नळ्यांना तर तो नाहीच. तुमचं सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड तुमच्यापुरतं, ते त्याला चालत नाही. प्लॉट असेल तर या बारीक अक्षरांसाठी असू दे.

आई, गुरुवारी त्याची टाच पुसताना तू मला हाक मारलीस, आठवतं? लाल डाग होता आणि बोटाने दाबून सोडला तरी पांढरा पडत नव्हता. तिथूनच बेडसोर, म्हणजे एका जागी दाब पडून होणारी जखम, सुरू होतो. त्याला स्वतःला तिथे काही जाणवत नाही, म्हणून कळायला उशीर होतो. हाडापर्यंत गेला तर प्लास्टिक सर्जरी, पुन्हा महिनाभर हॉस्पिटल. चार हजारांची हवेची गादी मी मागवली आहे, सोमवारी येईल. टाचा गादीला टेकू देऊ नकोस, पोटऱ्यांखाली उशी ठेव. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायला तू रात्रभर गजर लावून उठतेस. तुझी कंबर गेली तर त्याला कोण उठवणार? रात्रीसाठी माणूस ठेव, त्याचे पैसे मी पाठवीन. यावर वाद नको.

बाबा, अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज आता टाळू नका. तो शब्द तुम्हाला सहन होत नाही, मला माहीत आहे. पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, त्यावरच मिळतं. शिवाय 80 टक्के किंवा जास्त निघालं आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत राहिलात, तर तुमच्या उत्पन्नातून 1,25,000 ची वजावट मिळते.

अजून एक. दादाची व्हीलचेअर 25 इंच रुंद आहे आणि न्हाणीघराचं दार मला जेमतेम दोन फूट वाटलं. मिस्त्रीला बोलवायच्या आधी चौकटीच्या आतून माप घ्या आणि मला कळवा. उंबरठाही काढावा लागेल.

तुमची,
छोटी