शाळा वाढली, माणसं घटली

महोदय,
आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये यंदा आठवी-नववीच्या नव्या तुकड्या सुरू झाल्या. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली एसटीच्या पासवर शाळेत येऊ लागल्या, याचा फार आनंद आहे. पण शाळेचा गाडा ओढणारी माणसं मात्र कमी झाली.

गेल्या आठवड्यात मुलीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. आधार आणि जनरल रजिस्टरमधल्या नावात एका वेलांटीचा फरक. कार्यालयात एकच बाबू. यू-डायस (शाळेची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद), शिष्यवृत्ती, दहावीचे बोर्डाचे फॉर्म, पगारबिलं, सारं त्यांच्याच अंगावर. नेट गेलं तसा त्यांनी स्वतःचा मोबाइल खिडकीत टेकवला आणि माझं काम करून दिलं. तेवढ्यात तासाची घंटा झाली. ती वाजवत होत्या खुद्द मुख्याध्यापिका! शिपाई निवृत्त झाले, जागा भरलीच नाही.

डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त झाला की पद संपतं. त्याऐवजी ग्रामीण भागात दरमहा ५,००० रुपये भत्ता. एवढ्या पैशांत वर्ग उघडणारा, पाणी भरणारा, संडास धुणारा, एखादी मुलगी चक्कर येऊन पडली तर तिला घरी पोचवून देणारा माणूस कुठून मिळणार? सोयाबीनच्या हंगामात शेतमजुरी याहून बरी पडते.

पटसंख्या पाहून शिक्षक देता, तशीच शिक्षकेतर पदंही द्या आणि शिपायाचं नियमित पद पुन्हा सुरू करा, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ